नातवाच्या नर्सरीचा खटला

अण्णा निर्णय घेत नाहीत असं गावात म्हणतात, ते खोटं आहे. अण्णा निर्णय घेतात. फक्त तो तोंडातून बाहेर पडायच्या आत त्यात एखादा नवा मुद्दा निघतो, आणि मुद्दा निघाला की चौकशी आलीच. "चौकशी चालू हाय" हे अण्णांचं बारमाही उत्तर. बोअर कुठं मारायचा? चौकशी चालू हाय. म्हैस ठेवायची की काढायची? चौकशी चालू हाय. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू उदगीरला काढावा की बीदरला, ही चौकशी इतकी लांबली की उजव्या डोळ्यातही आला. अण्णा म्हणाले, "बगा, घाई केली असती तर दोन फेऱ्या झाल्या असत्या."

अशा माणसाच्या घरी नातू जन्माला आला, तो ऑक्टोबर 2021 मध्ये. आता ऑक्टोबरमध्ये जन्मणं हा काही गुन्हा नाही. पण आमच्या गावात तो जवळजवळ गुन्हाच ठरला. कसा, ते पुढे येईल.

आमचं गाव मेहकर. हे वाक्य मी कुठंही म्हटलं की समोरचा म्हणतो, "हां, बुलढाणा!" बुलढाण्याचं मेहकर मोठं, तालुक्याचं, बालाजीचं. आमचं मेहकर बीदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात, कर्नाटकात. अण्णांनी चौकशीची सुरुवात आधुनिक पद्धतीने केली. माझ्या मोबाइलवर बोट ठेवून म्हणाले, "ह्याला विचार, मेहकरला चांगली नर्सरी कुठली." मोबाइलने तत्परतेने नर्सऱ्या दाखवल्या. फोटो, फी, बस, सगळं होतं. अण्णा हरखले. "आपल्या गावात एवढं हाय आन् आपल्याला पत्ता न्हाई!" मग खाली अंतर दिसलं. त्यावरही अण्णा लगेच नाही म्हणाले नाहीत. तिकडे कोणी सोयरिकीतलं आहे का, याची आठवडाभर चौकशी झाली.

हसू येतं, पण अण्णांच्या ह्या रोगाला वंशपरंपरा आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय माणूस समजत नाही.

अण्णांचे वडील निजामाच्या राज्यात शिकले. शाळा उर्दू. कचेरीची भाषा उर्दू, जमिनीचा कागद उर्दू, हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठसुद्धा 1918 पासून उर्दूतून शिकवणारं. म्हाताऱ्याच्या बापाने फार दूरचा विचार करून पोराला उर्दू शिकवलं, की पोरगा पटवारी तरी होईल. पोरगा शिकून तयार झाला आणि सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरली, पाच दिवसांत निजामशाही संपली. उर्दू संपायला थोडा जास्त वेळ लागला, पण पटवारकी काही मिळाली नाही. म्हातारा आयुष्यभर गावातल्या लोकांचे जुने कागद वाचून द्यायचा, फुकट.

त्याने शहाणपणा केला. आपल्या पोराला, म्हणजे आमच्या अण्णांना, त्याने मराठी शाळेत घातलं. घरात मराठी, पंढरीची वारी मराठी, सोयरे उदगीर-निलंग्याचे. यात चुकायला जागाच कुठं होती? पण 1 नोव्हेंबर 1956 ला बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. आणि भालकी, औराद, हुमनाबाद बीदरसह म्हैसूर राज्यात. अण्णांचा जन्म त्याच सालातला. मराठीत पहिल्या नंबरने पास झालेले अण्णा नोकरीचा अर्ज घेऊन कचेरीत गेले तेव्हा कारकुनाने अर्ज उलटा धरून पाहिला आणि कन्नडात काहीतरी विचारलं. अण्णा "हौदु" म्हणाले. त्यांना तेवढंच येत होतं. प्रश्न होता, "तुला कन्नड येत नाही ना?"

मग अण्णांनी शहाणपणा केला. आपल्या पोराला त्यांनी कन्नड शाळेत घातलं. पोरगा कन्नड फाडफाड बोलायला लागला, लिहायला लागला, आणि शिकून नोकरीला गेला हैदराबादला. तिथं साहेब तेलुगू, काम इंग्रजी, कॅन्टीनमध्ये दखनी. आषाढीला घरी आला की बाप हरिपाठ धरतो आणि पोरगा टाळ धरून ओठ हलवतो, कारण त्याला देवनागरीतलं भराभर वाचता येत नाही.

म्हणजे तीन पिढ्यांनी तीन भाषा निवडल्या, दरवेळी नीट विचार करून, आणि दरवेळी पुढे भलतीच भाषा लागली. चौथ्या पिढीच्या दारात उभा असलेला माणूस "चौकशी चालू हाय" म्हणाला तर त्याला नुसता चेंगट म्हणणं मला जड जातं. तरी अण्णा चेंगट आहेतच, हेही खरं.

या खटल्यातला माझा भाग असा की माझ्याकडे मोटारसायकल आहे. अण्णा सकाळी चहाच्या वेळी येतात, डोक्याला पटका, खांद्याला पिशवी, पिशवीत नातवाचं आधार कार्ड, जन्माचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, सातबाराची झेरॉक्स. आमच्याकडे त्याला पहाणी म्हणतात, पण अण्णा सोयऱ्यांकडे दाखवायला सातबाराच म्हणतात. नर्सरीसाठी जमिनीचा कागद कशाला? "असू दे बापू, मागितला तर?" नातवाची कुंडलीही होती. ती कोणी मागितली नाही, पण एका शाळेच्या क्लार्कला त्यांनी ती आपणहून दाखवली. क्लार्कने मंगळ बघून ठीक आहे म्हणून सांगितलं.

पहिली फेरी भालकीची. भालकीत इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत, त्यांच्या गाड्या खेड्यापाड्यांतून पोरं उचलतात. अण्णांचे प्रश्न शाळेबद्दल नव्हते, गाडीबद्दल होते. गाडी कुठली? ड्रायव्हर कोण? कुणाचा कोण? त्याच्या गाडीत दाराशी कोण बसतं? ड्रायव्हर अण्णांच्या मावसबहिणीच्या दिराच्या गावचा निघाला. कुणालाही बरं वाटलं असतं. अण्णा गंभीर झाले. "त्या गावचे लोक गाडी जोरात हाकतात."

दुसरी फेरी उदगीरची. उदगीरला अण्णांची बहीण. तिच्या घरी नातवाला ठेवायचं, तिथल्या मराठी बालवाडीत घालायचं, असा बेत. बालवाडी छान होती. भिंतीवर बाराखडी, वाळूचा चौक, बाई मऊ बोलायच्या. तिथल्या बाईंनी जन्मतारीख बघितली आणि म्हणाल्या, "बसतंय की! 31 डिसेंबरला तीन पुरी पाहिजेत, ह्याची ऑक्टोबरातच होतात. याच जूनला घ्या."

अण्णा खूश. परत येताना भालकीत सहज दुसऱ्या एका शाळेत डोकावले. तिथं क्लार्क म्हणाला, "अजून लहान आहे. आमच्याकडे 1 जूनला वय मोजतात."

इथं ऑक्टोबरचा गुन्हा उघडकीस आला. महाराष्ट्र वय मोजतो 31 डिसेंबरला, कर्नाटक 1 जूनला. पहिलीला दोन्हीकडे सहा पूर्ण पाहिजेत. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तसंच आहे. पण सहा कधी पूर्ण? त्यामुळे अण्णांचा नातू उदगीरला जून 2027 मध्ये पहिलीत बसतो आणि मेहकरला जून 2028 मध्ये. तेच पोरगं, तीच आई, तेच आधार कार्ड. भालकीहून आगगाडीत बसलं आणि कमलनगरच्या पुढे हद्द ओलांडून उदगीरला उतरलं की ते शाळेच्या हिशोबात एक वर्षाने मोठं होतं. परतीच्या गाडीत पुन्हा लहान.

अण्णांनी हे ज्या दिवशी बोटांवर मोजून काढलं त्या दिवशी त्यांना झोप आली नाही. एक आख्खं वर्ष! "बापू, एका वर्षात सोयाबीन निघतं, तूर निघते, हरभरा निघतो." मी म्हटलं, मग उदगीरला टाका. तर दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा: तीनशे एकाहत्तर जे.

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमचा भाग मागास म्हणून राज्यघटनेत 371(जे) हे कलम घातलं गेलं. 98 वी घटनादुरुस्ती, 2013 पासून लागू. या भागातल्या स्थानिकांना वैद्यकीय-अभियांत्रिकीच्या जागांत आणि सरकारी नोकऱ्यांत राखीव वाटा मिळतो. 2019 साली सरकारने या प्रदेशाचं नाव हैदराबाद कर्नाटकचं कल्याण कर्नाटक केलं. कल्याण नावात आलं तेव्हापासून इथला प्रत्येक आजोबा नातवाला डॉक्टर समजूनच अंगाखांद्यावर खेळवतो. अण्णांची शंका अशी, की पोरगं उदगीरच्या बालवाडीत गेलं तर पुढे पंधरा वर्षांनी डॉक्टरकीच्या वेळी कोणी म्हणेल का, की तू तर महाराष्ट्रात शिकलास?

त्यासाठी आम्ही कचेरीत गेलो. खिडकीत बसलेल्या माणसाने विचारलं, "सर्टिफिकेट कुणाचं?" अण्णांनी फोटो दाखवला. फोटोत नातू टबात बसलेला होता. खिडकीतला माणूस बराच वेळ फोटो बघत राहिला. मग त्याने आपल्या शेजारच्याला बोलावून दाखवला. शेजारी म्हणाला, "नीट?" अण्णा म्हणाले, "आत्ता नर्सरी. नीट मागून."

तिसरी फेरी जहिराबादला, मेहुण्यांकडे. तिचं कारण मला आजतागायत कळलेलं नाही. तिथल्या शाळेत तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी. अण्णांना तिथं शिकवायचं नव्हतंच. "पण इचारून घेतलेलं बरं." परत येताना टमटमच्या थांब्यावर माझ्या डोक्यात आलं, की 1956 साली दिल्लीने तीन राज्यांत तोडलेला बीदर जिल्हा अण्णांनी एका पोराच्या नर्सरीसाठी एकट्याने पुन्हा जोडत आणला होता. आणि पेट्रोल माझं होतं.

गावात एक निवृत्त गुरुजी आहेत, मराठी शाळेवर होते. अण्णांची पुस्तकी चौकशी त्यांच्याकडे. गुरुजींनी एका संध्याकाळी त्यांना ताराबाई मोडकांची गोष्ट सांगितली. ताराबाई राजकोटला स्त्रियांच्या कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ती नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, लहान पोरांना शिकवायला. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. 1945 मध्ये त्या बोर्डीला आल्या आणि बालवाडी सुरू केली, सोबत अनुताई वाघ. अनुताई म्हणजे तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेली मुलगी. पुढे ताराबाईंबरोबर तिने आयुष्य काढलं, 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पोरांत. पोरं बालवाडीत येईनात. आईबाप मजुरीला, पोरं धाकट्या भावंडांना काखेत घेऊन भटकणारी. मग बायांनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली, लोकांच्या अंगणात. आधी पोरांना आंघोळी घालायच्या, नखं कापायची, मग गाणी आणि गोष्टी. खडे, पानं, बिया हेच साहित्य. मारिया मॉन्टेसोरीबाईंची लाकडी खेळणी परवडणारी नव्हती, तर शिंपले आणि चिंचोके घेतले.

गुरुजी सांगता सांगता भारावले होते. गोष्ट आहेच तशी. विलायतेतून आलेली महागडी कल्पना कोणी इतकी स्वस्त आणि इतकी मोठी करून दाखवल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

अण्णांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे बाईंनी शाळा अंगणात आणली."

"हो."

"मग आपल्या अंगणात कवा आणणार?"

"अण्णा, ती आता अंगणवाडी आहे ना. 2 ऑक्टोबर 1975 पासून सरकारने देशभर काढली. आपल्या कर्नाटकात पहिली टी. नरसीपूरला. आता प्रत्येक गावात आहे. तुमच्या घरापासून मारुतीच्या पाराइतकी लांब."

"तेच म्हणलालाव. अंगणात न्हाई, पाराजवळ हाय. म्हंजे पाठवायचं का न्हाई हा सवाल उरतोच."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. त्या संध्याकाळनंतर त्यांनी अण्णांना भूगोलापुरतंच ठेवलं.

अंगणवाडीबद्दल अण्णांचे आक्षेप दोन. एक, भिंतीवरची अक्षरं कन्नड. बाई आपल्याच गावच्या, बोलणार मराठीत, रागावणार दखनीत, पण रजिस्टर कन्नड आणि गाणी कन्नड. दोन, अंडं. अण्णा माळकरी. 2021 च्या डिसेंबरात बीदर-कलबुर्गीकडच्या शाळांत मध्यान्ह भोजनात अंडी सुरू झाली तेव्हा काही मठाधीशांनी विरोध केला होता. अंडं न खाणाऱ्यांना केळं देतात. अंगणवाडीत अंडं त्याच्याही आधीपासून. अण्णांचं म्हणणं, केळं खाणाऱ्या पोराने अंडं खाणाऱ्याच्या शेजारी बसून जेवणं म्हणजे मोहाची परीक्षा, आणि ती तिसऱ्या वर्षी घेऊ नये.

एकदा पेपरात आलं की 2024 पासून आमच्या कल्याण कर्नाटकातल्या सरकारी शाळांमध्येच एलकेजी-यूकेजी काढताहेत. अंगणवाडीच्या बाया मोर्चा घेऊन गेल्या, की पोरं तिकडे गेली तर आमच्याकडे राहील कोण. अण्णांना बायांचं पटलं. सरकारचंही पटलं. दोन्ही बाजू पटणं हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा अडथळा आहे.

मी एकदा वैतागून म्हणालो, "अण्णा, सुप्रीम कोर्टाने 2014 सालीच सांगितलंय. कर्नाटक सरकार मातृभाषेची सक्ती करत होतं, कोर्ट म्हणालं सक्ती नाही करता येणार, पोरगं कुठल्या भाषेत शिकणार ते आईबापांनी ठरवायचं. तुम्हाला आडवणारं कोणी नाही."

मला वाटलं होतं, मोकळे होतील. अण्णा पारावर मटकन बसले. "आईबापानं ठरवायचं? कोर्टानं सोताच ठरवून टाकायचं की! एवढं शिकलेले जज्ज, आन् आमच्यावर ढकलून मोकळे." थोड्या वेळाने म्हणाले, "दुसरा एक खटला हाय त्यांच्याकडं. महाराष्ट्रानं 2004 ला घातलेला. भालकी कुणाची, बेळगाव कुणाचं. 2022 ला तिकडच्या विधानसभेनं ठराव बी केला, 865 गावं, त्यात भालकीचं नाव हाय. लागला का निकाल? सुप्रीम कोर्टाला वीस वर्षांत ठरवता येईना, आन् तुमी मला एका उन्हाळ्यात ठरवा म्हणलालाव."

याला उत्तर नव्हतं. मी गाडीला किक मारली.

2025 च्या मार्चमध्ये भालकीच्या एका शाळेने नातवाला "बघायला" बोलावलं. इंटरव्ह्यू म्हणत नाहीत, बघायला म्हणतात, लग्नासारखंच. अण्णांनी पटका बदलला. नातवाला नवा शर्ट, टिकली, काजळ. मॅडमनी हसून विचारलं, "व्हॉट इज युअर नेम?"

नातू म्हणाला, "चाक्लेट नक्को."

मॅडमनी चित्रांचं पुस्तक उघडलं. हत्तीवर बोट ठेवलं. नातू म्हणाला, "आने." दुधाच्या पेल्यावर बोट ठेवलं. "हालु." मग त्याने स्वतःच पान उलटलं, कोंबडीजवळच्या अंड्यावर बोट ठेवलं आणि ठणकावून म्हणाला, "तत्ती! सोमवारी." नंतर खाली उतरून हाताची घडी घातली, मॅडमसमोर उभा राहिला आणि एक कन्नड गाणं हातवाऱ्यांसह शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. शेवटी "नमस्ते टीचर" असं लांब सुरात.

मॅडम चकित. "हा कुठल्या शाळेत जातो?"

"कुठल्याच न्हाई," अण्णा म्हणाले. "अजून ठरलं न्हाई."

येताना गाडीवर मी विचारलं. अण्णा आधी बोलेनात. मग वाऱ्यात ओरडून सांगितलं ते असं. ऑक्टोबर 2024 मध्ये पोराला तीन वर्षं पूर्ण झाली त्याच आठवड्यात सोयाबीनची काढणी आली. मजूर मिळेना. सूनबाई शेतात, अण्णांच्या घरच्या काकू शेतात, अण्णा माझ्याबरोबर चौकशीला. पोराला सांभाळायला कोणी नाही. सूनबाईंनी पहिल्या दिवशी त्याला कडेवर घेतलं, मारुतीच्या पाराजवळ अंगणवाडीत सोडलं आणि विळा घेऊन शेताकडे गेल्या. संध्याकाळी आणायला गेल्या तर पोरगं येईना. सोयाबीन झालं, मग तुरीची फवारणी, मग येळवसेच्या सणाची तयारी, मग हरभरा. पोरगं रोज जात होतं.

"म्हणजे अण्णा, पाच महिने तो शाळेत जातोय!"

"शाळेत न्हाई रे. तिथं बसतो. बसायला जाणं येगळं, पाठवणं येगळं. पाठवायचं का न्हाई हे ठरलेलं न्हाई. हे म्हंजे कोर्टात ते असतंय बग... निकाल लागस्तोवर..."

"अंतरिम आदेश?"

"हां! त्ये."

सूनबाई बारावी झालेल्या आहेत, बोलतात कमी. मी त्यांना एकदा विचारलं, तुम्ही ठरवलं कसं? त्यांनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "ठरवायचं काय त्यात? ऊन होतं, आन् पोराला सावलीत ठेवायचं होतं." आणि अंडं? "मामा इचारले न्हाईत, मी सांगितलं न्हाई."

कन्नड-मराठीचं त्यांना काही वाटतं का, हेही मी विचारलं. त्या म्हणाल्या, पोरगं आमच्याशी मराठी बोलतंय, बाईंच्या गाण्यात कन्नड म्हणतंय, मशिदीमागच्या पोरांत दखनी. तिन्हीत भांडतंय. त्यांना काळजी एकच, की ते तिन्ही भाषांत ऐकत नाही.

तारतम्याने बघायला गेलं तर कोसबाडच्या पाड्यावर तरी दुसरं काय घडलं होतं? आई कामाला गेली, म्हणून बालवाडी लागली. शिक्षणशास्त्र मागून आलं, आधी भात लावणी होती. आमच्या सीमेवरचे पुरुष भाषा, राज्य, कलम आणि कोर्ट यांवर तीन पिढ्या बोलताहेत. बायांनी दरवेळी पोर कडेवर घेतलं आणि जवळ जे दार उघडं होतं तिथं ठेवलं. अण्णांना हे मी सांगून बघितलं. ते म्हणाले, "तुझं बी बरोबर हाय." झालं; माझीही बाजू त्यांना पटली, म्हणजे ती निकामी झाली.

एप्रिलमध्ये नवी भानगड. कर्नाटक सरकारने पहिलीच्या वयात सूट दिली. 1 जूनला सहाऐवजी पाच वर्षं पाच महिने झाले असले तरी चालेल, यूकेजी झालेली असली पाहिजे, आणि सूट 2025-26 या एकाच वर्षापुरती. अण्णांनी पेपर कापून पिशवीत ठेवला. जून 2027 ला नातू पाच वर्षं आणि पावणेआठ महिन्यांचा असेल. सूट पुन्हा निघाली तर उदगीर आणि मेहकर यांच्यातलं ते वर्ष वाचतं. पण तेव्हा यूकेजी झालेली पाहिजे. म्हणजे एलकेजी आत्ताच पाहिजे. पण एलकेजीला 1 जूनला चार पुरी पाहिजेत, आणि ती होतात ऑक्टोबरात. आणि सूट निघणारच नसेल तर घाई कशाची? हे चक्र अण्णा बोटांवर फिरवत राहिले. मला वाटतं त्या दिवसांत ते सुखात होते.

मे अखेरीस आमच्याकडच्या शाळा उघडतात. महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्याला. मधल्या त्या पंधरवड्याला अण्णा सवलतीचा काळ समजतात. इकडचं हुकलं तरी तिकडचं उघडं असतं. अशाच एका सकाळी ते आले, पिशवी खांद्याला, नातू बोटाला. "भालकीला जायचं. सूट परत निघणार का, बीईओ आफिसात इचारून येऊ." नातू टाकीवर पुढे बसला. मारुतीच्या पाराजवळ आलो तसा त्याने माझ्या हातावर थापटलं. "थांब. मला उतरव. तुमी जावा."

अंगणवाडीच्या बाई दारातच होत्या. नातू कोणाला न विचारता आत गेला, चपला रांगेत ठेवल्या, दुसऱ्या एका पोराच्या चपला पायाने रांगेबाहेर सारल्या आणि तिथं आपल्या नीट लावल्या.

"या अण्णा," बाई म्हणाल्या. "बरं झालं आलात. बाल विकास समितीत तुमचं नाव घालायचं म्हणलालाव."

"बगू. चौकशी करून सांगतो." अण्णांनी आवाज खाली आणला. "आन् बाई, ह्याची हजेरी एवढ्यात मांडत जाऊ नका. अजून घरात ठरलं न्हाई."

बाईंनी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे धरलं. अण्णांना कन्नड वाचता येत नाही आणि मोतीबिंदूमुळे आता मराठीही नीट दिसत नाही. बाईंनी बोट ठेवलं. "नाव ऑक्टोबरातच घातलंय. आधार लागलं, वजन झालं, उंची झाली. पालकाची सही बी हाय, सूनबाईंची."

अण्णांनी सहीवर वाकून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं रागावतील.

"म्हंजे माझी सही न्हाई?"

"न्हाई."

"कुठंच न्हाई?"

"न्हाई अण्णा."

त्यांनी लांब श्वास सोडला, पटका सारखा केला. इतक्या फेऱ्यांत मी त्यांचा चेहरा एवढा हलका पाहिला नव्हता. "मग बरं झालं," ते म्हणाले. "उद्या काय चुकलं तर तिचं चुकलं. बापू, मार किक. आता मला पहिलीचं बगाया मोकळीक झाली."